काठावरची प्रदक्षिणा

चाकणच्या कारखान्यांत कामाला असलेली तरुण मंडळी आम्हांस हटकून विचारतात, "महाराज, सुट्टीला आळंदीस येतो, दर्शन घेतो आणि मग इंद्रायणीच्या काठाने नुसते हिंडतो. एका काठाने जायचे, पुलावरून पलीकडे, दुसऱ्या काठाने परत. टाळ नाही, नेम नाही, पायाला त्रासही नाही. ही भक्ती की हवा खाणे?"

प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. पाय सोलवटले तरच पुण्य, अशी पुष्कळांची समजूत. आम्हांस ती पटत नाही. नुसत्या कष्टाने पुण्य लागते तर पालखीचा बैल पहिला वैकुंठास जाता! वारी म्हणजे येरझारच की. प्रदक्षिणेत तर पोचायचे असे कोठेच नसते. निघालो तेथेच परतायचे. म्हणून घाई नाही, आणि घाई नसली की डोळे मोकळे राहतात.

शब्दच पाहा ना. दक्षिण म्हणजे उजवा. ज्याचा मान ठेवायचा ते उजव्या हाताला ठेवून फिरणे ती प्रदक्षिणा. नदी उजवीकडे ठेवून प्रवाहाबरोबर खाली चला, पूल ओलांडून दुसऱ्या काठाने वर या. ती उजवीकडेच राहते. नर्मदेचे परिक्रमावासी हेच करतात, फक्त त्यांना मध्ये नदी ओलांडण्याची मुभा नाही. १३१२ किलोमीटरची नदी, तीही दोन्ही काठांनी! आपली इंद्रायणी लोणावळ्याजवळ निघून तुळापुरास भीमेला मिळते, त्या मानाने अगदी घरची. विठ्ठलपंतांचे कुटुंब वाळीत असता जेथे राहिले असे आपण मानतो, त्या सिद्धबेटाच्या झाडीतून, गवतातून रमतगमत घातलेला फेरा प्रदक्षिणा नव्हे, असे कोणता शास्त्री म्हणेल?

पण सज्जनहो, येथेच मेख आहे. दर्शन समोरून होते. प्रदक्षिणेत मागची बाजूही दिसते. नदीची मागची बाजू म्हणजे काठाला फुटलेली गटारांची तोंडे, पात्र झाकून टाकणारी जलपर्णी, आणि अलीकडच्या वर्षांत वारंवार दिसणारा पांढरा फेस. वरच्या गावांचे, पिंपरी-चिंचवडचे सांडपाणी, साबणाची द्रव्ये, कारखान्यांचे पाणी, सगळे त्यात आहे. आपले निर्माल्य आणि घाटावर सोडलेली जुनी वस्त्रेही आहेत, हे विसरून नुसते कारखानदाराकडे बोट दाखवू नये.

यावर पूर्वपक्ष ठरलेला. नदी माता, मातेला विटाळ कसला? विटाळ नाही, कबूल. पावित्र्य आणि स्वच्छता या दोन गोष्टी, हेही कबूल. परंतु तीर्थ शब्द 'तॄ' धातूवरून आला, तरून जाणे. जेथे पाण्यात उतरता येते, पार होता येते ते तीर्थ. उतरवतच नाही त्या घाटाला काय म्हणावे? मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात पाण्यात मलमूत्र टाकण्यास, थुंकण्यास स्पष्ट मनाई आहे. पाणी पवित्र आहे, त्याला काही होत नाही, अशी सूट तेथे कोणाला दिलेली नाही.

कार्तिकीला म्हाताऱ्या माउल्या अजून डोळे मिटून ओंजळ तोंडाशी नेतात. त्यांच्या श्रद्धेआड येऊ नये, असे आमचे काही कीर्तनकार बंधू म्हणतात. आम्ही आड येतो. हात धरतो, ओंजळ खाली करवतो आणि घरून आणलेल्या तांब्यातले पाणी हातावर घालतो. बहुतेक जणी रागावतात. एकीने विचारले, "मग महाराज, हिच्याकडे यायचं तरी कशाला?"

आम्ही म्हटले, "आई, आजारी माणसाला भेटायला जात नाही का आपण?"