उशीर म्हणजे नकार नव्हे

सोनोग्राफीच्या कागदावर ‘पीसीओडी’ दिसलं, की घरात पहिला प्रश्न येतो, मूल होईल ना? अंडाशयात दिसणाऱ्या त्या ‘गाठी’ म्हणजे खरं तर अर्धवट वाढलेल्या बीजांचे इवले कोश. बीज दर महिन्याला वेळेवर सुटेलच असं नाही. पण उशीर म्हणजे नकार नव्हे. कुणी म्हणेल, मग काळजी करायचीच नाही का? करावी, पण डॉक्टरांसमोर. बीज सुटायला मदत करणाऱ्या गोळ्या आहेत. वजन जास्त असेल, तर थोडं उतरलं तरी पाळी अनेकदा मार्गी लागते. हळदीकुंकवाला ‘काही विशेष?’ विचारणाऱ्यांकडे मात्र औषध नसतं. उशीर म्हणजे नकार नव्हे. आणि सासूबाई, तपासणीला सुनेबरोबर मुलालाही पाठवा.