पडद्याची दोरी

दिवाळीची सुट्टी संपली की शाळेत एक निराळेच वारे वाहू लागते. वरोऱ्याच्या आसपासच्या शेतांत कापूस फुटलेला असतो, सकाळच्या प्रार्थनेला मुले हात काखेत घालून उभी असतात, आणि एखाद्या दिवशी मधल्या सुट्टीत कुणीतरी हळूच विचारते, "सर, गॅदरिंग कधी?" कागदोपत्री त्याला वार्षिक स्नेहसंमेलन म्हणतात. परंतु स्नेहसंमेलन हा शब्द निमंत्रणपत्रिकेपुरता. मुलांच्या तोंडी गॅदरिंगच असते. त्या एका प्रश्नानंतर गणिताच्या तासाला पेटीचे सूर ऐकू येऊ लागतात आणि ज्याने वर्षभर एक कविता पाठ केली नाही, तो नाटकातली चार पाने दोन दिवसांत म्हणून दाखवितो.

पुष्कळ वर्षे नाटकाचे खाते माझ्याकडे आहे. या कामात नाटक बसविणे कठीण नाही. निवड करणे कठीण. वर्गात साठ मुले आणि नाटकात पात्रे नऊ! हात मात्र चाळीस वर येतात. त्या चाळिसांतून नऊ निवडताना शिक्षक काय करीत असतो, याचा मी कित्येक वर्षे विचारच केला नव्हता. ज्याचा आवाज खणखणीत, उच्चार स्वच्छ, जो उभा राहिला की नजरेत भरतो, तो मुलगा घ्यावयाचा. प्रमुख पाहुणे यावयाचे असतात, पालक यावयाचे असतात. शाळेची अब्रू राहिली पाहिजे. यात विचार करण्यासारखे आहे तरी काय?

माझ्या शिक्षकीच्या आरंभीच्या वर्षांत आठवीत एक मुलगा होता. पात्रे निवडण्याच्या दिवशी सर्वांत आधी त्याचा हात वर जाई. तो बोलताना अडखळत असे. एखादे अक्षर जिभेवर आले की तिथेच अडून बसे, आणि ते सुटेपर्यंत वर्गात खुसखुस सुरू होई. मी त्याला म्हणालो, "तू पडदा सांभाळ. पडदा म्हणजे फार जबाबदारीचे काम असते." वाक्य खरे होते. मी उच्चारले तेव्हा मात्र ते खोटे होते, कारण ते मी त्याची समजूत घालण्यासाठी उच्चारले होते. त्याने पडदा सांभाळला. नववीत सांभाळला, दहावीतही सांभाळला. एकदाही दोरी अडकली नाही की पडदा वेळेआधी पडला नाही. मी त्याची पाठ थोपटली आणि आपण एका मुलाला न्याय दिला, अशा समाधानात घरी गेलो.

पुढे पुष्कळ वर्षांनी तो मला बाजारात भेटला. कापसाच्या गाड्या भरण्याच्या कामावर होता. वाकून नमस्कार केला, घरचे विचारले. बोलता बोलता गॅदरिंगची आठवण निघाली तेव्हा हसत म्हणाला, "सर, तिन्ही वर्षं नाटक झालं, पण मले दिसल्या त्या फक्त पाठी." मी काही बोललो नाही. थोडे थांबून त्याने पुढे सांगितले, "माय दरसाल येत होती जी. घरी गेलो की विचारे, 'तू कुठं होता रे?'" तक्रार म्हणून त्याने हे सांगितले नव्हते. तक्रार असती तर मी उत्तर शोधले असते. त्या दिवशी भाजीची पिशवी घेऊन घरी येताना ती तीन वर्षे माझ्या डोळ्यांपुढून हलेनात.

आता कुणी म्हणेल, पडदा ओढणे हे काय हलके काम आहे? मुळीच नाही. आमच्या शेजारच्या वर्ध्याला १९३७ च्या ऑक्टोबरात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीम पुढे आली. हाताचे काम आणि बुद्धीचे शिक्षण यांची फारकत करू नये, हा तिचा गाभा. त्या दृष्टीने पाहिले तर पडद्याची दोरी आणि राजाचा मुकुट यांत उच्चनीच काहीच नाही. परंतु मग माझ्या नाटकातल्या राजाच्या हाती मी एकदा तरी दोरी का दिली नाही? तीन वर्षे दोरी एकाच्याच हाती आणि मुकुट तेवढे दुसऱ्यांच्या डोक्यावर, याला श्रमाची प्रतिष्ठा म्हणत नाहीत. काम हलके नव्हते. ते देणाऱ्याचे मन हलके होते.

तर मग ज्याला ज्याला हवे त्याला रंगमंचावर उभे करावे काय? याही प्रश्नाला सोपे उत्तर नाही. आमच्या जिल्ह्याच्या पूर्वेला, सिंदेवाही, नागभीड, ब्रह्मपुरीकडे आणि पुढे गडचिरोलीत, झाडीपट्टीचा मुलूख लागतो. तिथे भाऊबीज झाली, धान घरात आले की मंडईच्या निमित्ताने गावोगाव नाटके लागतात आणि होळीपर्यंत रात्ररात्र चालतात. पूर्वी गावातली हौशी मंडळीच नाटक बसवीत. आता वडशाच्या नाटक कंपन्या गावोगाव जातात. याच रंगभूमीवर आयुष्य घालविलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. थंडीत घोंगडी पांघरून बसलेला तिथला प्रेक्षक नटाला भीक घालीत नाही. नाटक रंगले तर पहाटेपर्यंत हलणार नाही, आणि बिघडले तर तोंडावर सांगेल. प्रेक्षकाला चांगले पाहण्याचा हक्क आहे, आणि कलेला आपली म्हणून एक शिस्त आहे, हे त्या मुलखात लहान पोरालाही कळते. मग केवळ दया म्हणून कुणाला उभे करणे, हा त्या कलेचा आणि त्या मुलाचाही अपमान नव्हे काय?

हा अपमान मी स्वतः करून पाहिला आहे. बाजारातल्या त्या भेटीनंतर मला पश्चात्तापाचे भरते आले आणि पुढच्या गॅदरिंगला मी ठरविले, या खेपेला सगळे! समूहनृत्यात चाळीस मुली उभ्या केल्या. त्यांतली एक पायाने अधू होती. तिला मी पहिल्या रांगेत मधोमध ठेवली. तिची तालीम निराळी अशी काही घेतली नाही. सगळ्यांबरोबर झाली तेवढीच. नाच झाला. टाळ्यांचा कडकडाट झाला, पाहुण्यांनी भाषणात तिचा खास उल्लेख केला आणि मी कृतार्थ झालो. दुसऱ्या दिवशी ती मला व्हरांड्यात भेटली. म्हणाली, "सर, मी खरंच चांगली नाचली, का माझ्या पायाकडे पाहून टाळ्या वाजवल्या?"

वाचकहो, पहिल्या मुलाला मी अंधारात ठेवले होते आणि या मुलीला नको तितक्या उजेडात. दोन्ही वेळा मी त्यांच्याकडे नीट पाहिलेच नव्हते.

याचे उत्तर मला गावाच्या वेशीपाशीच सापडावयास हवे होते. वरोऱ्यापासून आनंदवन किती लांब? सायकलवरून सहज जाता येते. बाबा आमट्यांची गोष्ट आमच्याकडची मुले लहानपणापासून ऐकतात. पावसात भिजत पडलेला तुळशीराम नावाचा महारोगी त्यांना दिसला आणि ते भिऊन पळाले. मग आपल्याच भीतीची लाज वाटून परत फिरले आणि त्याच्या अखेरपर्यंत त्याची शुश्रूषा केली. ही गोष्ट सांगताना आपण इथेच डोळे पुसून थांबतो. परंतु खरी गोष्ट पुढे आहे. १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापन झाली, दोन वर्षांत आनंदवन उभे राहू लागले, आणि तिथे बाबांनी रोग्यांच्या हातांत कुदळ दिली. त्यांनी विहिरी खणल्या, खडकाळ रानात पिके काढली. पुढे त्याच परिसरात अंध आणि मूकबधिर मुलांच्या शाळा निघाल्या. या शतकाच्या आरंभी डॉक्टर विकास आमट्यांनी तिथल्याच अंध, अपंग, मूकबधिर आणि रोगमुक्त माणसांचा 'स्वरानंदवन' हा वाद्यवृंद उभा केला.

त्यांचा कार्यक्रम मी पाहिला तेव्हा पहिली पाच मिनिटे माझ्या मनात तीच जुनी दया होती. मग ती केव्हा गळाली ते कळले नाही. ठेका पक्का होता, सूर लागलेला होता, आणि मी पाय नाचवीत गाणे ऐकत होतो. घरी येताना मनात आले, या मंडळींनी माझी दया कशाने घालविली? तालमीने. त्यांना केवळ रंगमंच मिळाला नव्हता. रंगमंचाच्या मागचे ते कंटाळवाणे, घामाचे दिवस त्यांना मिळाले होते. मी माझ्या दोन्ही मुलांना नेमके तेच नाकारले होते.

संधी म्हणजे व्यासपीठावरची दहा मिनिटे नव्हेत. आपल्यावर कुणीतरी दोन महिने वेळ घालवावा, आपली चूक चूक म्हणून दाखवावी, आणि ती सुधारेल असा भरवसा ठेवावा, याला संधी म्हणतात. कौतुक फुकट असते. ते कुणीही देतो. भरवसा महाग असतो, कारण त्यात देणाऱ्याचा वेळ जातो. अमळनेरच्या शाळेत असताना साने गुरुजी वसतिगृहातल्या मुलांसाठी स्वतः हाताने दैनिक लिहीत. त्या कागदापेक्षा, आपल्यासाठी कुणी इतके जागते, हीच गोष्ट मुलांना अधिक शिकवून गेली असावी.

आता मी पात्रे पहिल्या दिवशी निवडीत नाही. महिनाभर सगळ्यांची तालीम घेतो आणि मग ठरवितो. पडद्याची पाळी लावतो. एका वर्षी वक्तृत्वात बक्षिसे मिळविणाऱ्या मुलाकडे दोरी आली. त्याने पडदा अर्धा मिनिट उशिरा पाडला आणि मेलेला सरदार सर्वांदेखत उठून बसला. त्या दिवसापासून तो दोरीवाल्यांशी आदराने बोलतो. त्या मुलीला मी पुढच्या वर्षी तिचा ठेका कुठे चुकतो ते स्पष्ट सांगितले. ती रागावली, दोन दिवस तालमीला आली नाही, मग आली. त्या वर्षी ती दुसऱ्या रांगेत नाचली आणि टाळ्यांविषयी तिने मला काही विचारले नाही.

तरीही नऊ पात्रांत चाळीस मुले मावत नाहीत आणि दर वर्षी काही हात मला खाली करावेच लागतात. ते दुःख कुठल्याही पद्धतीने संपणारे नाही. आणि ज्याला फक्त पाठी दिसल्या, त्याची तीन वर्षे मला परत देता येत नाहीत.

येत्या डिसेंबरात आपल्यापैकी पुष्कळजण सतरंजीवर किंवा खुर्चीवर बसून आपल्या मुलाला शोधीत असतील. तो दिसला तर टाळ्या वाजवाच. नाही दिसला तर एकदा विंगेकडे पाहा. आणि कार्यक्रम संपल्यावर मास्तरांना गाठून, "आमच्या पोराला काम का दिले नाही?" असे न विचारता एवढेच विचारा, "गुरुजी, त्याची तालीम किती दिवस घेतली?" या प्रश्नाने मास्तर थोडा चपापेल. चपापू द्या. माझ्यासारख्याला तो फार पूर्वी कुणीतरी विचारावयास हवा होता.