टेलचं पाणी

कालव्याच्या पाण्यावर शेती करणाऱ्या माणसाला न्याय म्हणजे काय हे पुस्तकात वाचावं लागत नाही. शेत हेडला आहे का टेलला, एवढं ठरलं की त्याचं मतही ठरतं. हेडवाला म्हणतो, सगळ्यांना सारखे तास द्या, झाला न्याय. टेलवाला म्हणतो, तास सारखे दिले खरे, पण माझ्या बांधाला पाणी लागेस्तोवर निम्मे तास सरतात, त्याचं काय? मधल्या मातीनं पिलेलं, उंदरांच्या बिळात गेलेलं, रात्री कुणी पाइप टाकून ओढलेलं, एवढं सगळं वजा होऊन उरतं ते माझं. तिकडं गेजवर मात्र आकडा पुरा दिसतो.

माझी जमीन टेलला आहे. चाळीस वर्षं दारं धरतोय, म्हणून माझं मत कुठल्या बाजूचं ते सांगायला नको. पण इथं मला पाण्याचं नाही, पोरापोरींच्या इंजिनिअरिंगचं बोलायचंय. दोन्हीचा हिशोब मला एकच वाटतो.

निकालाचे दिवस आले की आमच्या पारावर एक वाद हमखास होतो. अमक्याचा पोरगा ब्याण्णव टक्के पाडून राहिला बाहेर, आणि तमक्याची पोरगी एकाहत्तरला आत गेली. मग कुणीतरी तंबाखू मळत ठेवणीतला प्रश्न काढतो, "असल्या इंजिनिअरनं बांधलेल्या पुलावरनं तू जाशील का?" सगळे हसतात. मी एकदा त्याला म्हटलं, बाबा, सवलत आहे ती शिकायला आत घेण्यापुरती. पास व्हायला सगळ्यांना सारखेच मार्क लागतात, तिथं कुणाला पाच मार्क कमी चालत नाहीत. आणि डोनेशन मोजून आत गेलेल्या पोरांच्या पुलाची चौकशी या पारावर मी कधी ऐकली नाही. पूल पडतो तो सिमेंटात वाळू किती घातली आणि बिलातनं टक्के कुणी खाल्ले त्यावर. त्या पुलाचा ठेकेदार तेव्हा पारावरच बसला होता, त्यामुळं विषय तिथंच थांबला.

हसण्यावारी नेलं तरी प्रश्न खोटा नाही. मार्क म्हणजे नक्की काय मोजलं? ब्याण्णववाल्याला लातूरला क्लास होता, स्वतंत्र खोली होती, आणि अभ्यासाला बसला की आई बाहेर टीव्हीचा आवाज कमी करायची. एकाहत्तरवाली शेळ्या बांधून, भाकरी थापून रात्री दहाला वही उघडायची, तीही लाइट असली तर. दोघांच्या डोक्यात किती आहे हे त्या आकड्यावरनं कसं कळावं? हेडच्या गेजवरनं टेलच्या पाटकऱ्याची लायकी काढण्यातलाच तो प्रकार. ब्याण्णववाल्या पोरानंही कष्टच केलेत, त्याचं मी काढून घेत नाही. त्याच्या बापाचा जीव जळतो तोही मला कळतो.

ही कॉलेजं आमच्यापर्यंत आली कशी तेही सांगायला पाहिजे. मी एसएससी झालो तेव्हा इंजिनिअर व्हायचं म्हणजे पुणे, मुंबई, सांगली, कराड, औरंगाबाद, अमरावती, नागपूर अशी बोटावर मोजण्याइतकी ठिकाणं होती. पुण्याचं कॉलेज तर १८५४ सालचं. त्याच कॉलेजातनं विश्वेश्वरय्या १८८३ ला पहिले आले. म्हैसूर संस्थानातल्या खेड्यातला, लहानपणीच बाप गेलेला पोरगा, शिकवण्या घेऊन शिकलेला. संस्थाननं मदत केली म्हणून तो पुण्याला येऊ शकला. पुढं याच माणसानं नीरा कालव्यावर ब्लॉक पद्धत आणली. वरच्या गावांनी उसाला वाट्टेल तेवढं पाणी घ्यायचं आणि खालच्यांनी आभाळाकडं बघायचं, असं चालू नये म्हणून गावोगाव ब्लॉक पाडले, उसाचा हिस्सा बांधून दिला आणि पाणी जास्त गावांना पुरवलं. त्यानं खालच्या गावाचा विचार का केला असेल, हे मी पाण्याची पाळी धरताना पुष्कळदा मनात घोळवलंय. हुशार तर त्याच्या बरोबरचेही असतील.

१९८३ ला वसंतदादा पाटलांनी विनाअनुदानित कॉलेजांना परवानगी दिली आणि साखर कारखान्यांच्या आसपास माळरानावर इमारती उठल्या. कुणी त्याला धंदा म्हटलं, आणि धंदा झालाही. पण तो कालवा निघाला नसता तर आमच्याकडची पोरं फिटर-वायरमनच्या पुढं गेली नसती, हेही खरं. आता तर कित्येक कॉलेजांत जागा रिकाम्या पडतात. म्हणजे फाटक उघडलं. तरी शेत भिजलं का, हा सवाल उरतोच.

माझ्या धाकट्या भावाची मुलगी गावच्या शाळेत मराठीतून दहावी झाली, तालुक्याच्या पॉलिटेक्निकला डिप्लोमा केला आणि पुण्याकडं एका कॉलेजात कॉम्प्युटरला डायरेक्ट सेकंड इयरला लागली. आमच्या घरातली इंजिनिअरिंगला गेलेली पहिलीच. डोमिसाईल, नॉन-क्रीमीलेअर, व्हॅलिडिटी, उत्पन्नाचा दाखला, एवढी कागदं गोळा करताना भावाच्या चपलेचे तळ झिजले. वर्ग जुलैत सुरू झाले होते. डिप्लोमावाल्यांच्या राऊंड होऊन हिला जागा मिळेस्तोवर ऑगस्ट संपत आला. पहिल्या वर्षाचं एम-वन, एम-टू हिच्या वाट्याला आलेलंच नाही आणि समोर एम-थ्री उभं. आवर्तन सुटून आठ दिवस झाल्यावर टेलला पाणी पोचतं आणि नवव्या दिवशी वरनं गेट बंद होतं, तशी गत.

दिवाळीला आली ती निम्मी झालेली. जेवताना म्हणाली, "तात्या, मला नाही जमायचं. माझी अक्कलच तेवढी नाही." ही तीच पोरगी, जिनं आठवीत असताना आमच्या सोसायटीच्या व्याजातली चूक काढून सेक्रेटरीला गप्प केलं होतं. मी विचारलं, वर्गात होतं काय नेमकं? म्हणाली, "सर येतात, फळ्यावर प्रोग्राम लिहितात आणि म्हणतात, हे तर तुम्हाला येतच असेल. वर्गातली निम्मी मान डोलावतात. त्यांनी शाळेतच शिकलेलं असतं. मी पण डोलावते."

"हे तर तुम्हाला येतच असेल." या वाक्यावर मी पुष्कळ विचार केलाय. सरांच्या मनात काही वाईट नव्हतं, अभ्यासक्रम संपवायची घाई होती. पण त्या एका वाक्यानं वर्गाची दोन शेतं पडली. ज्याला येतं तो वर सरकला. ज्याला येत नाही त्याला दोन गोष्टी शिकायला मिळाल्या, एक म्हणजे मला येत नाही, आणि दुसरी म्हणजे ते कुणाला सांगायचं नाही. शिव्या देऊन, जात काढून हाकलणं जुनं झालं. ते अजून संपलंय असं मी म्हणत नाही. पण मान डोलवायला लावून बाहेर काढणं हे जास्त सोपं, आणि त्याचा पुरावाही राहत नाही. राहतो तो निकाल. चार विषय राहिले, वर्ष गेलं. वायडी म्हणतात त्याला पोरं. भावजय म्हणाली, एवढा खर्च करून वर्ष गेलं, तर स्थळं बघायला लागू. भाऊ काहीच बोलेना. पोरगा असता तर एक वर्षावरनं असं घर हललं नसतं, हे मी त्या रात्री भावजयीला बोलून दाखवलं. तिला राग आला, पण तिनं स्थळांचा विषय पुढच्या उन्हाळ्यापर्यंत ढकलला.

तिला सावरलं ते होस्टेलातल्या नंदुरबारकडच्या एका वरच्या वर्गातल्या मुलीनं. त्या पोरीनं स्वतः हेच भोगलं होतं. तिनं एका वहीत सगळं मराठीत लिहून काढलेलं. पुतणीनं ती वही मला दाखवली. स्टॅक म्हणजे कडब्याची गंजी, शेवटी रचलेली पेंढी आधी निघते. क्यू म्हणजे शेजपाळी, आधी नंबर त्याला आधी पाणी. आणि पॉइंटर, ज्याला पोरं घाबरतात, तो म्हणजे सातबाऱ्यावरचा गट नंबर. शेतात काय पेरलंय ते त्यात नसतं, शेत कुठं आहे तेवढं असतं. मला दहावी झालेल्याला ते समजलं. मग पुतणीला का समजू नये? तिची अक्कल कुठं गेली नव्हती, तिच्यापर्यंत चारी खोदलेली नव्हती. पुढच्या वर्षी तिनं राहिलेले विषय काढले. आज नोकरी करते, आणि वही पुढं कुणाला तरी दिलीय म्हणे.

पण एका वहीच्या भरवशावर किती पोरं सोडायची? जिच्या होस्टेलात अशी ताई नव्हती, तिचं काय झालं असेल?

मुलींचं पाहिलं तर ही वाट फार जुनी नाही. मद्रासच्या गिंडी कॉलेजात ए. ललिता नावाची बाई १९४० च्या सुमारास इंजिनिअरिंगला गेली. अठराव्या वर्षी विधवा, पदरात तान्ही मुलगी. ती पास झाली तेव्हा प्रमाणपत्रावर छापील 'तो' होता, तो खोडून हातानं 'ती' लिहावं लागलं. बाई इथवर येईल असं छापणाऱ्याच्या मनातच नव्हतं. खोडून का होईना, लिहिलं, हे बरं झालं. त्यानंतर पाऊणशे वर्षांनी, २०१८ ला, आयआयटींनी मुलींसाठी जादा जागा काढल्या. मुलांची एकही जागा कापली नाही, नवी पोटचारी काढली. तरी ओरड झालीच. आपल्या सरकारनं २०२४ पासून आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसी मुलींची व्यावसायिक शिक्षणाची फी माफ केली, त्याचं मला मनापासून बरं वाटलं. राहणं, मेस, लॅपटॉप हे अजून बापाच्या गळ्यात आहेच, पण एक तरी धोंडा निघाला.

मराठीतून इंजिनिअरिंगचीही वाट २०२१ पासून निघालीय, पिंपरी-चिंचवडला कॉम्प्युटरचा वर्ग मराठीत सुरू झाला. लोक मला विचारतात, तुम्ही मराठी लिहिणारे, तुम्हाला आनंद झाला असेल. झाला. पण मराठीचा वर्ग वेगळा काढला आणि इंग्रजीच्या वर्गातल्या सरांनी "हे तर येतच असेल" चालूच ठेवलं, तर आपण टेलवाल्यांसाठी वेगळं डबकं केलं, कालवा होता तसाच राहिला. मला हवंय ते साधं आहे. फळ्यापुढच्या माणसानं दिवसातनं एकदा मागच्या बाकावरच्याला विचारावं, तुला काय नाही समजलं? आणि तिथनं शिकवत पुढं यावं. पाटबंधाऱ्याचा नियमही तोच आहे, टेलपासून हेडकडं भिजवत यायचं. नियमाचं काय होतं ते मला विचारू नका. तरीही २००५ च्या कायद्यात पाणी वापर संस्थेच्या संचालकांत हेड, मधले आणि टेल असे तिन्हीकडचे सारखे घ्यायचे, बायकाही घ्यायच्या, असं लिहून ठेवलंय. ज्याचं शेत कोरडं राहतं तो टेबलाशी बसला की बोलणं बदलतं, हे मी संस्थेच्या मीटिंगांत पाहिलंय. कॉलेजातही शिकवणारे, पेपर काढणारे कुठनं आले हे म्हणून बघायला पाहिजे.

टेलवाला म्हणून मी एवढं बोललो. पण टेलवाल्याला निदान जमीन असते, अर्ज करता येतो, मोर्चा काढता येतो. लाभक्षेत्रातच नसलेली माणसं आहेत, आणि ती दरसाल माझ्याच उसात राबायला येतात. दिवाळी झाली की ऊसतोडीची टोळी येते, पोरं बरोबर. शाळा तिकडं गावी, पोरगं इकडं कोपीवर. फी माफ झाली काय, मराठीतून वर्ग निघाला काय, त्याच्यापर्यंत यातलं काही येत नाही, कारण तो बारावीच्या उंबऱ्यापर्यंतच येत नाही.

गेल्या हंगामात टोळीतलं एक अकरा-बारा वर्षांचं पोरगं माझ्या विहिरीवर येऊन बसायचं. लाइट आली की मोटर आपोआप चालू होते ती कशी, याचं त्याला नवल. मोटरीचा ऑटो बिघडला होता म्हणून मी वायरमन बोलावला, तर हा त्याच्या मागं उभा राहून प्रत्येक वायर कुठनं कुठं जाते ते बघत राहिला. चार दिवसांनी पुन्हा तीच अडचण आली. वायरमन येईना. या पोरानं लांबूनच काठीनं दाखवलं, बाबा, ती पिवळी ढिली झालीया. मेन बंद करून बघितलं तर खरंच पिवळी ढिली होती.

त्यानं विचारलं, "ह्यो ऑटो कुणी केला?"

म्हटलं, इंजिनिअरनं.

"त्यो कोणत्या गावचा?"

मला काही सांगता येईना. तेवढ्यात फडातनं त्याच्या आईनं गाडी भरायला हाक मारली आणि ते पळालं.