कटऑफ कॉलेजबद्दल काय सांगतो?

इंजिनिअरिंगला जायचं तर बारावीचे गुण पाहायचे, एवढा सरळ हिशेब एके काळी महाराष्ट्रात होता. बोर्डाच्या मेरिट लिस्टमधल्या मुलांचे फोटो वर्तमानपत्रात छापून यायचे. 1983 साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित कॉलेजांना वाट मोकळी करून दिली आणि जागा भराभर वाढल्या. पाठोपाठ प्रवेशासाठीची देणगी आली. ती रोखायला 1987मध्ये कायदा करावा लागला. गुण मोठे की पैसा, हा त्या वर्षांतला खरा वाद होता आणि सामाईक प्रवेश परीक्षेच्या, म्हणजे सीईटीच्या, मागणीला बळ मिळालं ते त्यातूनच. पुढे 2005च्या इनामदार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानेही अशा परीक्षेला मान्यता दिली.

सीईटीने मोठं काम केलं, यात मला शंका नाही. उदगीरची मुलगी कोणाचीही ओळख न काढता, कोणाच्या हातापाया न पडता पुण्यातल्या कॉलेजात जागा मिळवू शकते. ही साधी गोष्ट नव्हे.

पण मुलांची क्रमवारी लावायला आणलेली ही परीक्षा हळूहळू कॉलेजांचीही क्रमवारी लावू लागली. केंद्रीभूत प्रवेशाच्या कॅप राउंडचा ऑप्शन फॉर्म भरायला बसलेलं घर आठवा. मोबाइलवर गेल्या वर्षीच्या कटऑफची पीडीएफ, वहीत कॉलेज-शाखांच्या चॉइस कोडची रांग, आणि क्रम लावायची रीत एकच: ज्याचा कटऑफ चढा, ते वर. ‘अठ्ठ्याण्णव पर्सेंटाइल आहेत, ते तिथे कशाला वाया घालवतोस?’ असं काका म्हणतात आणि मुलगा ओळ खोडतो. पहिल्या फेरीत पहिलाच पर्याय मिळाला तर तो घ्यावाच लागतो, म्हणजे वहीतल्या त्या क्रमावर पुढची चार वर्षं ठरतात.

कटऑफ म्हणजे तिथे शेवटी प्रवेश मिळालेल्या मुलाचे पर्सेंटाइल. ते कॉलेजात पाऊल टाकण्याआधीच मिळवलेले असतात. कॉलेजच्या शिकवण्याचा त्यांच्याशी काडीचाही संबंध नाही. शिवाय मागणी तीच राहून जागा वाढल्या की कटऑफ उतरतो. 2024पासून तंत्रशिक्षण परिषदेने, म्हणजे एआयसीटीईने, शाखेच्या जागांवरची कमाल मर्यादा काढली. एखाद्या कॉलेजने कम्प्युटरच्या दोन तुकड्या वाढवल्या तर आकडा खाली येईल, शिकवणारे मात्र तेच असतील. आणि यंदाची मुलं गेल्या वर्षीचा आकडा पाहून क्रम लावतात, म्हणून चढा कटऑफ चढाच राहतो.

गणित कोण शिकवतं, प्राध्यापकांच्या किती जागा रिकाम्या आहेत, प्रयोगशाळेत एका यंत्रापाशी किती जण उभे राहतात, पहिल्या वर्षी किती मुलांचे विषय राहतात, हे विचारायला हवं. यातली काही माहिती एआयसीटीईच्या नियमामुळे कॉलेजांना आपल्या वेबसाइटवर द्यावी लागते, पण ती शोधत बसायला त्या धावपळीच्या दिवसांत कोणाला सवड असते? सीईटी सेलने ती प्रत्येक चॉइस कोडसमोर, कटऑफच्या शेजारच्या रकान्यात छापावी.