ठराव आणि तळे

महाडच्या चवदार तळ्याची गोष्ट सांगताना आपण २० मार्च १९२७ पासून सुरुवात करतो. त्या दिवशी डॉ. बाबासाहेब आंबेडकर हजारो माणसांना घेऊन तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले. मला मात्र त्याआधीच्या तीन-चार वर्षांकडे पुन्हा पुन्हा पाहावेसे वाटते. ऑगस्ट १९२३ मध्ये सीताराम केशव बोले यांनी मांडलेला ठराव मुंबईच्या विधिमंडळाने मंजूर केला. सार्वजनिक पैशातून बांधलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा आणि दवाखाने अस्पृश्यांना खुले राहतील, असा तो ठराव होता. त्याला अनुसरून महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये आपले तळे खुले केले, म्हणजे तसा ठराव केला. तळ्यावर गुरे पाणी पीत होती, इतर धर्मांची माणसेही पीत होती. ज्यांच्यासाठी ठराव झाला होता, ते तेवढे पीत नव्हते. कागदावर तळे खुले झाले आणि तीन वर्षे त्याची पायरी उतरायची कोणाची छाती झाली नाही. उतरले तेव्हा डोकी फुटली. मग शेण, गोमूत्र, दूध, दही घागरींनी ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. कोर्टकज्जा झाला आणि उच्च न्यायालयाचा निकाल लागायला १९३७ साल उजाडले. ठरावापासून निकालापर्यंत चौदा वर्षे गेली.

हा अनुभव गाठीशी असलेला माणूस घटनेच्या मसुदा समितीचा अध्यक्ष होता, हे ध्यानात ठेवून घटनेचे कलम १७ वाचायला हवे.

या कलमाची भाषा इतर कलमांहून वेगळी आहे. समतेचे कलम राज्याला बजावते की तू अमुक नाकारणार नाहीस. मार्गदर्शक तत्त्वे राज्याला सांगतात की तू अमुक करण्याचा प्रयत्न करशील. कलम १७ मध्ये राज्य हा शब्दच नाही. अस्पृश्यता संपवली आहे, असे ते झालेल्या गोष्टीसारखे सांगते आणि कोणत्याही रूपात तिचे आचरण करण्यास मनाई करते. आचरण कोणाचे? अस्पृश्यता काही फक्त सरकार पाळत नव्हते. ती घराच्या उंबऱ्यावर, गावच्या विहिरीवर, देवळाच्या पायरीवर, चहाच्या टपरीवरच्या वेगळ्या कपात पाळली जात होती. म्हणून हे कलम नागरिकाशी, शेजाऱ्याशी, माझ्याशी बोलते. २९ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेने ते स्वीकारले तेव्हा सभागृहात महात्मा गांधींच्या जयजयकाराच्या घोषणा झाल्या. चवदार तळ्याचा ठराव पाहिलेल्या बाबासाहेबांना त्या दिवशी काय वाटले असेल, असा विचार माझ्या मनात नेहमी येतो.

घटनेच्या उद्देशिकेतली बंधुता ही मसुदा समितीची भर आहे. नेहरूंनी मांडलेल्या उद्दिष्टांच्या ठरावात ती नव्हती. स्वातंत्र्य आणि समता यांच्यासाठी आपण न्यायालयात जाऊ शकतो. माझ्या शेजाऱ्याने मला भाऊ मानावे असा हुकूम मात्र कोणतेही न्यायालय देऊ शकत नाही. तरीही बंधुतेला कायद्याच्या कक्षेत आणण्याच्या सर्वांत जवळ जाणारे एखादे कलम असेल, तर ते सतरावे. देश घटनेला जागला का, असा प्रश्न निघाला की आपण आणीबाणी, निवडणुका, न्यायमूर्तींच्या नेमणुका यांवर बोलू लागतो. ते बोलायलाच हवे. पण त्या चर्चेत आरोपीच्या पिंजऱ्यात नेहमी दुसरे कोणी तरी असते. कलम १७ ची चर्चा प्रामाणिकपणे केली, तर त्या पिंजऱ्यात आपणच उभे असतो.

अर्थात राज्यसंस्था यातून सुटत नाही. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात अप्पासाहेब पटवर्धनांनी संडास सफाईचे काम मागितले. ते ब्राह्मण होते आणि तुरुंगाच्या रीतीप्रमाणे ते काम ठरावीक जातींच्या कैद्यांचे होते. परवानगी नाकारली गेली. अप्पासाहेबांनी अन्न कमी केले आणि येरवड्याच्या तुरुंगातून गांधीजींनी त्यांच्या पाठिंब्यासाठी उपोषण आरंभले. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिल्यावर ते उपोषण सुटले. अप्पासाहेबांनी पुढे कणकवलीजवळच्या गोपुरीत संडासांची नवी रचना बसवली, मेलेली गुरे स्वतः सोलली, माणसाला माणसाची घाण हातांनी उचलावी लागू नये यासाठी आयुष्य घातले. आता दुसरी तारीख पाहा. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने एका पत्रकाराच्या याचिकेवर निकाल देताना अनेक राज्यांच्या कारागृह नियमावल्यांमधील जातीनुसार काम वाटणाऱ्या तरतुदी घटनाबाह्य ठरवल्या आणि कैद्यांच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकायला सांगितले. अप्पासाहेबांच्या मागणीला तेव्हा ९२ वर्षे झाली होती आणि घटना लागू होऊन ७४. ती नियमपुस्तके सरकारी होती, सरकारी छापखान्यांत छापलेली होती. ती वाचून नोकरी करणाऱ्या किती अधिकाऱ्यांनी दर वर्षी घटनादिनी उद्देशिकेचे सामूहिक वाचन केले असेल!

तुरुंग तरी भिंतीआड असतो. गटार आपल्या दाराशी आहे.

हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेविरुद्ध पहिला केंद्रीय कायदा १९९३ मध्ये झाला. तो अपुरा ठरला म्हणून २०१३ मध्ये नवा कायदा आला आणि तो त्याच वर्षी ६ डिसेंबरला, बाबासाहेबांच्या महापरिनिर्वाणदिनी, लागू झाला. या कायद्याने सुरक्षेची साधने न देता माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणे हा गुन्हा ठरवला. पहिल्या गुन्ह्याला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गटारात मेलेल्यांच्या कुटुंबांना १० लाख रुपये द्यावेत, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये सांगितले आणि २०२३ मध्ये ती रक्कम ३० लाख केली. कायदा आहे, निकाल आहे, रक्कम आहे. आणि सरकारनेच संसदेत दिलेल्या माहितीप्रमाणे २०१९ ते २०२३ या पाच वर्षांत ३७७ माणसे गटारे आणि सेप्टिक टँक साफ करताना मेली आहेत.

इथे शब्दांचा एक खेळ आहे आणि तो मला फार बोचतो. २०१३ च्या कायद्यातल्या व्याख्येत एक स्पष्टीकरण आहे: साधने आणि सुरक्षा-साहित्य घेऊन काम करणारा माणूस ‘हाताने मैला साफ करणारा’ धरला जाणार नाही. त्याचा आधार घेऊन संसदेत उत्तरे दिली गेली की हाताने मैला साफ केल्यामुळे एकही मृत्यू नोंदलेला नाही. जे मेले ते गटारांच्या ‘धोकादायक सफाई’मुळे मेले. कलम १७ ने अस्पृश्यता संपवली आहे असे म्हटले, आणि आपण मृत्यूचे नाव बदलून ते खरे करून दाखवले.

हे मृत्यू कसे होतात, तेही सांगायला हवे, कारण पेपरात ती बातमी चार ओळींची असते. बंद टाकीत हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असताना त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो. प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते. उतरणाऱ्याला धोका संपल्यासारखे वाटते आणि तेवढ्यात तो कोसळतो. वरचा साथीदार त्याला काढायला उतरतो आणि तोही राहतो. म्हणून अशा बातम्यांत मेलेल्यांचा आकडा बहुधा एक नसतो. दुसरा माणूस सफाईसाठी नव्हे, भावासाठी किंवा मित्रासाठी उतरलेला असतो. बंधुता हा शब्द मला त्या टाकीत जेवढा खरा दिसतो, तेवढा कुठल्याही भाषणात दिसलेला नाही.

डिसेंबर २०१९ मध्ये गोवंडीतल्या एका खासगी गृहनिर्माण संस्थेची टाकी साफ करताना तीन कामगार मेले. त्यांच्या विधवा मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. काम खासगी कंत्राटदाराने दिले होते, तेव्हा भरपाई सरकारने का द्यावी, असा मुद्दा निघाला. सप्टेंबर २०२१ मध्ये न्यायालयाने तो फेटाळला आणि सरकारने प्रत्येकी १० लाख द्यावेत, मग ते जबाबदार असणाऱ्यांकडून वसूल करावेत, असा आदेश दिला. योग्य निकाल होता. पण त्या संस्थेच्या बैठकीत हे काम कोणाला द्यायचे हे ठरले असेल, तेव्हा तिथे बसलेल्या सभ्य, शिकलेल्या माणसांपैकी एकाच्याही मनात सतरा हा आकडा आला असेल का?

देशाने प्रगती केली नाही असे मी म्हणत नाही. के. आर. नारायणन राष्ट्रपती झाले, के. जी. बालकृष्णन आणि आपल्या अमरावतीचे भूषण गवई सरन्यायाधीश झाले. घटना नसती तर हे झाले नसते, आणि मला त्याचा अभिमान आहे. पण शिखरावर कोण पोचले यावरून खालची वाट मोकळी झाली असे ठरत नाही. केंद्राच्या ‘नमस्ते’ योजनेखाली २०२४ पर्यंत गटार आणि सेप्टिक टँक सफाईच्या सुमारे ३८,००० कामगारांची नोंद झाली होती. त्यांतले जवळजवळ ६९ टक्के अनुसूचित जातींचे होते. जमाती आणि इतर मागासवर्ग धरले तर ९२ टक्के. कोणाला कोणी जातीचा दाखला मागून कामाला लावलेले नाही. तरी आकडे जातीचेच निघाले.

महाराष्ट्रात हा गुंता आणखी घट्ट आहे. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या वारसाला त्याच्या जागी नोकरी मिळते. हेतू भला होता. घाणीत हयात घालवलेल्याच्या घराला आधार असावा. वारसा हक्कासाठी कामगार संघटना लढतात आणि त्यांचे म्हणणे मला पटते, कारण कायम नोकरी, पगार, पेन्शन आज दुसरे कोण देणार? मुंबईत कंत्राटी सफाई कामगारांना कायम करून घेण्यासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत जावे लागले. २०१७ मध्ये २,७०० जणांच्या बाजूने निकाल लागला. पण बापाचा झाडू मुलाच्या हाती हक्क म्हणून यावा लागतो, तेव्हा चूक मुलाची नाही. दुसरी कोणती दारे आपण त्याच्यासाठी उघडी ठेवली, याचा जाब आपल्याला द्यावा लागेल. मला विचाराल तर वारसा हक्क काढू नये. त्याच वारसाला त्याच पगारावर दुसरे काम निवडायची मुभा द्यावी. नोकरीचा वारसा चालावा, कामाचा नव्हे.

आता माझ्या दारातले सांगतो. मी राहतो त्या सोसायटीत सेप्टिक टँक आहे. काही वर्षांपूर्वी मी कमिटीवर असताना सफाईसाठी दोन दरपत्रके आली. एक सक्शन गाडीचे, दुसरे माणसे आणणाऱ्या कंत्राटदाराचे. दुसरे स्वस्त होते. चर्चा पाच मिनिटे झाली असेल. मी हात वर केला. ती माणसे आली, काम झाले, कोणाला काही झाले नाही, आणि मी विसरलो. गोवंडीचा निकाल वाचला त्या रात्री मला झोप लागली नाही. सकाळी ऑफिसात जाऊन जुनी व्हाउचरे काढली. कंत्राटदाराचे नाव होते, रक्कम होती, ‘टाकी सफाई’ असा तपशील होता. टाकीत उतरलेल्या दोघांची नावे कुठेच नव्हती, आणि मला ती कधीच ठाऊक नव्हती. त्यांतल्या धाकट्याने काम झाल्यावर पाणी मागितले होते. कोणी तरी बाहेरच्या नळाकडे बोट दाखवले होते.

गेल्या सर्वसाधारण सभेत मी विषय मांडला: आपल्या टाकीत यापुढे कोणत्याही कारणाने माणूस उतरणार नाही, गाडीचा खर्च मासिक देखभाल शुल्कात धरावा. दोघातिघांनी वाढीव रकमेबद्दल विचारले. एका आजींनी इतकी वर्षे कोणी का बोलले नाही, असे विचारले. ठराव एकमताने मंजूर झाला आणि इतिवृत्तात लिहिला गेला.

टाकी मे महिन्यात उघडायची आहे.