वाचणारा आणि वाट दाखविणारा

शास्त्रपाठ : प्रेषितांचीं कृत्यें, अध्याय ८, वचनें २६ ते ४०



आपल्या मंडळ्यांमध्यें एक प्रश्न वारंवार निघतो. देवानें आपणांस आपलें वचन दिलें आहे, पवित्र आत्माहि दिला आहे. मग तें वचन समजावयास आणखी टीकाग्रंथ, टिपणें, शब्दसूचि आणि शिक्षक कशाला हवेत? कोणी म्हणतो, "मला पुस्तक पुरे, माणसाचें शिकविणें नको." दुसरा अगदीं उलट म्हणतो, "आम्ही शेतकरी माणसें. शास्त्र पाळकसाहेबांनीं वाचावें, आम्हीं ऐकावें." पहिला गर्वाच्या जवळ उभा आहे, दुसरा आळसाच्या जवळ. हानि दोघांचीहि होते, आणि ती लहान नाहीं. जें वचन जीवाचें अन्न म्हणून दिलें, तें पहिल्याच्या हातीं वेडेंवाकडें होतें, आणि दुसऱ्याच्या घरीं फडक्यांत गुंडाळलेलें पेटींत राहतें.

वरील शास्त्रपाठांत या प्रश्नाचें उत्तर आहे. कूश देशाची राणी कांदके हिचा खजिनदार, जो षंढ होता, यरुशलेमेंत उपासना करून गज्जाच्या वाटेनें परत चालला होता. तो मोठा अधिकारी होता; त्याला वाचतां येत होतें; त्याच्याजवळ यशया संदेष्ट्याचा ग्रंथ होता. त्या काळीं ग्रंथ हातानें लिहीत, म्हणून ते मिळणें सोपें नव्हतें. भक्ति होती, विद्या होती, ग्रंथ होता, वेळहि होता. तरी फिलिप्पानें विचारतांच त्यानें सरळ कबूल केलें कीं, वाट दाखविणारा कोणी नसल्यामुळें आपणांस हें कळत नाहीं. आणि त्यानें फिलिप्पाला रथांत आपल्याजवळ बसवून घेतलें.

येथें दोन गोष्टी नीट पाहाव्या. फिलिप्पाला तेथें पाठविलें कोणीं? देवदूतानें त्यास त्या वाटेवर धाडलें, आणि रथाजवळ जा असें सांगणारा तर पवित्र आत्माच होता. आत्म्याला त्या अधिकाऱ्याच्या मनांत थेट प्रकाश पाडतां आला नसता काय? आला असता. तरी त्यानें एक मनुष्य पाठविला. म्हणून "मला आत्मा शिकवितो, मनुष्य नको" असें म्हणणाऱ्यानें विचार करावा, कीं आत्म्यानेंच पाठविलेल्या मनुष्याला तर आपण रथाखालीं उतरवीत नाहीं ना? दुसरी गोष्ट ही कीं, फिलिप्पानें नवें शास्त्र आणलें नाहीं. अधिकारी जो भाग वाचीत होता, त्याच भागापासून आरंभ करून त्यानें येशूची सुवार्ता सांगितली.

कोणी योहानाच्या पहिल्या पत्रांतील दुसऱ्या अध्यायाचें सत्ताविसावें वचन पुढें करितात. ज्यांस अभिषेक झाला आहे त्यांस कोणी शिकविण्याची गरज नाहीं, असें प्रेषित तेथें लिहितो. परंतु त्याच्या आधींचेंच वचन वाचावें. विश्वासणाऱ्यांस भुलवूं पाहणाऱ्या लोकांविषयीं तो बोलत आहे. ज्यांस ख्रिस्ताची ओळख झाली त्यांस कोणी निराळा ख्रिस्त शिकवावयास नको, हा त्याचा भाव होय. आणि हें तो लिहितो कोठें? शिकवण देणाऱ्या पत्रांतच. शिक्षकच नको असता तर योहानानें लेखणी हातीं कां धरिली असती?

शिवाय, "मला कोणाचें साहाय्य नको" असें म्हणणारा बंधु ज्या पुस्तकावर हात ठेवून बोलतो, तें पुस्तकच पुष्कळांच्या साहाय्यानें त्याच्या हातीं आलें आहे. जुना करार बहुतेक इब्री भाषेंत व कांहीं थोडा अरामी भाषेंत लिहिला गेला, आणि नवा करार ग्रीक भाषेंत. बंगालमधील सेरामपूर येथें डॉ. विल्यम केरी व त्यांचे सहकारी यांनीं १८११ सालीं मराठी नवा करार छापला. पंडिता रमाबाईंनीं मूळ भाषांचा अभ्यास करून साध्या मराठींत सर्व शास्त्राचें भाषांतर केलें. तें त्यांच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनीं, १९२४ सालीं, प्रसिद्ध झालें. अध्यायांची आजची विभागणी तेराव्या शतकांतली आहे, आणि नव्या करारांतील वचनांचे आंकडे रॉबेर एस्तिएन नांवाच्या मुद्रकानें १५५१ सालीं घातले. भाषांतर हें साहाय्यच आहे, आणि वचनाचा आंकडा हेंहि साहाय्यच आहे.

हीं साहाय्यें उपकारक आहेत, पण निर्दोष नाहींत. अधिकारी वाचीत होता तो भाग आज आपण यशयाचा त्रेपन्नावा अध्याय म्हणून वाचतों. परंतु देवाच्या सेवकाचें तें वर्णन बावन्नाव्या अध्यायाच्या तेराव्या वचनापासूनच सुरू होतें. नुसता अध्यायाचा आंकडा पाहून जो वाचूं लागेल, त्याच्या हातून आरंभ सुटेल. म्हणून साहाय्य घ्यावें, पण त्याला शास्त्राच्या जागीं बसवूं नये. १८०४ सालीं लंडन येथें ब्रिटिश व फॉरेन बायबल सोसायटी स्थापन झाली, तेव्हां शास्त्र टीकेशिवाय छापावें असा तिनें नियम केला, आणि त्यामुळें निरनिराळ्या मंडळ्यांस त्या कामांत एकत्र येतां आलें. परंतु कोणीं टीका लिहूंच नये असा त्या नियमाचा अर्थ नव्हता. आपल्यांतील बाबा पदमनजी यांनीं नव्या करारावर मराठींत टीका लिहिली. मूळ वचन स्वच्छ व वेगळें असावें, आणि टीका त्याची दासी म्हणून बाजूला उभी असावी, हेंच योग्य.

मग ज्या गरीबाला विद्या नाहीं, त्याला शास्त्र कळतच नाहीं काय? असें मुळींच नाहीं. तारणासाठीं जें अवश्य आहे, तें वचनांत इतकें उघड सांगितलें आहे कीं, ऐकून घेणाऱ्या निरक्षर मनुष्यालाहि तें कळतें. मत्तयाच्या अठराव्या अध्यायांतील निर्दय चाकराचा दाखला घ्या. राजानें ज्याचें मोठें कर्ज सोडलें, त्यानें आपल्या सोबत्याचें लहान कर्ज सोडलें नाहीं. देवानें आपणांस क्षमा केली, म्हणून आपणहि क्षमा करावी. एवढें कळावयास टीकाग्रंथ नको.

आतां टीकाकार त्यांत काय भर घालतो तें पाहा. दीनार म्हणजे मजुराची एका दिवसाची मजुरी. हें त्याच शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायांतील द्राक्षमळ्याच्या दाखल्यावरून दिसतें. एका तालांताचे सुमारें सहा हजार दीनार होत. चाकराचें कर्ज दहा हजार तालांत, म्हणजे सहा कोटि दिवसांची मजुरी. एकहि दिवस खाडा न करितां काम केलें, आणि मिळालेल्या मजुरींतील एक पैहि खर्च केली नाहीं, तरी तें फिटावयास दीड लाखाहून अधिक वर्षें लागतील. आणि सोबत्याचें कर्ज शंभर दीनार, म्हणजे तीन-सवातीन महिन्यांची मजुरी! चाकर राजाला म्हणत होता कीं, दम धरा, मी सगळें फेडीन. त्या बोलण्यांतला वेडेपणा या हिशेबानें उघडा पडतो. शेताच्या बांधावरून सख्ख्या भावाशीं दहा वर्षें न बोलणाऱ्या मनुष्याच्या काळजाला हा हिशेब जाऊन भिडतो. टीकेनें येथें नवा अर्थ आणला नाहीं. होता तोच अर्थ खोल नेला. चांगल्या साहाय्याचें काम एवढेंच.

खेड्यांतल्या वाचकानें स्वतःला अगदींच दरिद्रीहि समजूं नये. शहरांतल्या विद्वानाला ज्यासाठीं पुस्तक उघडावें लागतें, तें कित्येकदां आपल्या डोळ्यांपुढें असतें. खळें, उफणणी, दाणा आणि भुसा. जातें ओढणाऱ्या दोघीजणी. आपलीं मेंढरें ओळखणारा धनगर. हें आपणांस कोणीं समजावून सांगावें लागत नाहीं. मार्काच्या दुसऱ्या अध्यायांत चौघांनीं छप्पर उकरून पक्षघाती मनुष्याला खालीं सोडलें. धाब्याचें मातीचें घर ज्यानें पाहिलें आहे, त्याला तें कसें झालें हें लगेच कळतें. परंतु वल्हांडण म्हणजे काय, परूशी कोण, यहूदी व शोमरोनी यांचें वैर कां, हें आपल्या अंगणांत दिसत नाहीं. तेथें पुस्तक आणि शिक्षक पाहिजेत.

साहाय्य दूर लोटलें तर प्रामाणिक मनुष्यहि कसा भटकतो, याचा एक दाखला इतिहासांत आहे. अमेरिकेंतील न्यूयॉर्क प्रांतांत विल्यम मिलर नांवाचा एक शेतकरी होता. तो मनाचा सरळ व शास्त्राचा प्रेमी होता. त्यानें सर्व टीकाग्रंथ बाजूला ठेविले, आणि शास्त्र व क्रूडनची शब्दसूचि एवढींच घेऊन तो अभ्यासास बसला. दानीएलाच्या आठव्या अध्यायांतील २३०० दिवस म्हणजे २३०० वर्षें असें धरून, प्रभूचें येणें १८४३ च्या सुमारास होईल असा हिशेब त्यानें केला. हजारों लोकांनीं त्यावर विश्वास ठेविला. पुढें त्याच्या अनुयायांत २२ आक्टोबर १८४४ ही तारीख ठरली. कित्येकांनीं शेतांतलें पीकहि काढलें नाहीं. तो दिवस आला आणि गेला, आणि त्यांच्या दुःखाला पार राहिला नाहीं. तो दिवस पित्याशिवाय कोणास ठाऊक नाहीं, असें प्रभूनें सांगून ठेविलें आहे (मत्तय २४:३६). एकटा वाचणारा आपल्याच हिशेबांत गुंतला, म्हणजे इतकें उघड वचनहि त्याला आडवें येत नाहीं.

परंतु विद्वानांवर डोळे मिटून भिस्त ठेवणेंहि तितकेंच घातक आहे. त्याच देशांत, त्याच शतकांत, गुलामगिरीचे कैवारी असलेले कित्येक शिकलेले उपदेशक उत्पत्तीच्या नवव्या अध्यायावरून असें सांगत कीं, काळ्या लोकांवर हामाचा शाप आहे, म्हणून त्यांनीं दास्यांतच राहावें. तोच अध्याय उघडून पंचविसावें वचन वाचा. शाप उच्चारला तो नोहानें. तो हामावर नाहीं, कनानावर आहे. आणि कोणाच्या कातडीच्या रंगाविषयीं तेथें एक शब्दहि नाहीं. शाळेंतल्या मुलाला जें दिसतें, तें विद्येनें झांकून टाकलें. जन्मावरून हीन ठरविलें जाणें म्हणजे काय, हें आपल्यांतील पुष्कळांच्या वाडवडिलांनीं सोसलें आहे. म्हणून ही गोष्ट आपण तरी विसरूं नये. बिरुयाच्या लोकांनीं पौलासारख्या प्रेषिताचें बोलणेंहि दररोज शास्त्रांत पडताळून पाहिलें, आणि लूकानें याबद्दल त्यांचें थोरपण गाइलें आहे (प्रे. कृ. १७:११).

आज तर वाट दाखविणाऱ्यांची वाण नाहीं. खेड्यांतल्या तरुणाच्या मोबाइलवर रात्रंदिवस उपदेशक बोलत असतात. त्यांतला खरा वाटाड्या कसा ओळखावा? फिलिप्पाकडे पाहा. तो धांवत रथाजवळ गेला. त्यानें आधीं ऐकलें, मग विचारलें, मग तो बोलला. उघड्या पानावर बोट ठेवून त्यानें ख्रिस्त दाखविला. त्यानें कांहीं दाम मागितला नाहीं. त्याच अध्यायांत, देवाचें दान पैशानें घेऊं पाहणाऱ्या शिमोनाला पेत्रानें केवढा कडक शब्द लाविला आहे! आणि काम होतांच फिलिप्प दिसेनासा झाला. जो शिक्षक ऐकणाऱ्यांस जन्मभर आपल्याच हातानें भरवूं पाहतो, तो फिलिप्पाच्या मागें चालणारा नव्हे. आम्हां पाळकांनींहि हें मनांत धरावें. आमच्या मंडळींतील किती जण स्वतः शास्त्र उघडावयास शिकले, हा हिशेब प्रभु आम्हांस विचारील. वाट दाखविणारा नेहमीं पाळकच असतो असेंहि नाहीं. अपुल्लो मोठा वक्ता व शास्त्रांत प्रवीण. पण देवाचा मार्ग त्यास अधिक नीट समजावून दिला तो प्रिस्किल्ला व अक्विल्ला या तंबू करणाऱ्या जोडप्यानें, आपल्या घरीं नेऊन.

तर आपण काय करावें? घरांत रोज एक भाग वाचावा. ज्याला वाचतां येतें त्यानें मोठ्यानें वाचावा, म्हणजे वाचतां न येणाऱ्या आजीलाहि आपला वांटा मिळेल. प्रार्थना करून बसावें, आणि सुटें वचन न उचलतां सगळा भाग वाचावा. कोठें अडलें तर तोच विषय दुसरीकडे काय सांगितला आहे तें पाहावें. लूक १४:२६ मध्यें आईबापांचा द्वेष करण्याविषयीं वाचून एखादा तरुण म्हाताऱ्या आईला टाकून निघेल. पण मत्तय १०:३७ वाचल्यावर कळतें कीं, प्रभूपेक्षां त्यांच्यावर अधिक प्रीति करूं नये असा भाव आहे. मार्काच्या सातव्या अध्यायांत तर, आईबापांचा मान राखण्याची आज्ञा युक्तीनें टाळणाऱ्यांस प्रभु स्वतः दोष देतो. इतकें करूनहि न कळलें तर टीका उघडावी आणि मंडळींत विचारावें. एज्राच्या काळीं लेव्यांनीं लोकांस नियमशास्त्राचा अर्थ समजावून दिला, आणि दुसऱ्या दिवशीं घराण्यांचे वडील आणखी शिकावयास पुन्हां आले (नहेम्या ८). विचारण्यांत लाज नाहीं. राणीच्या खजिनदारानें वाटेनें पायीं आलेल्या मनुष्याला विचारलें. प्रत्येक मंडळीनें आपल्या प्रार्थनामंदिरांत एक टीकाग्रंथ, एक शब्दसूचि व पवित्र भूमीचा एक नकाशा सर्वांसाठीं ठेवावा. पौलासारख्या प्रेषितानेंहि मरण जवळ आलें असतां त्रोवसाहून झग्याबरोबर आपलीं पुस्तकें मागविलीं (२ तीमथ्य ४:१३).

फिलिप्प दिसेनासा झाला, तरी तो अधिकारी आनंद करीत आपल्या वाटेनें गेला. आतां त्याच्यापाशीं ख्रिस्त होता, आणि ग्रंथहि होता. नियमशास्त्राप्रमाणें त्याच्यासारख्याला परमेश्वराच्या मंडळींत प्रवेश नव्हता (अनुवाद २३:१). परंतु तो यशया पुढें वाचीत गेला असेल, तर तीनच अध्यायांनंतर, छप्पन्नाव्या अध्यायांत, त्याला असें आढळलें असेल कीं, जे षंढ देवाचा करार धरून राहतात त्यांस देव आपल्या घरांत पुत्र व कन्या यांच्यापेक्षांहि चांगलें नांव देणार आहे. तें दाखवावयास फिलिप्प रथांत नव्हता, आणि आतां त्याची गरजहि नव्हती.

प्रभु आपणांस वाट दाखविणारे देवो. आणि त्यांनीं वाट दाखविल्यावर, त्याचें वचन हातीं धरून, आपल्या पायांनीं चालण्याचें बळहि देवो. आमेन.