लहान माशी, मोठा गळ आणि भ्रमाचा प्रश्न

ट्राउट पकडण्यासाठी पाण्यावर तरंगत सोडली जाणारी कृत्रिम माशी, म्हणजे ड्राय फ्लाय, ही गळावर पिसे, केस आणि दोरा गुंडाळून केलेली कीटकाची प्रतिकृती असते. गळाचे माप आकड्यात सांगतात आणि आकडा वाढत जातो तसा गळ लहान होत जातो. मोठ्या मेफ्लायची नक्कल 12 किंवा 14 नंबरच्या गळावर सहज बसते. ट्राउट मात्र कित्येकदा जे किडे टिपत असतो ते जेमतेम काही मिलिमीटर लांबीचे असतात आणि त्यांच्या मापाला 22 किंवा 24 नंबरचा गळ लागतो. इतक्या लहान गळाचे टोक आणि दांडा यांच्यात जागा फार थोडी उरते. तो जबड्यात पुरेसा रुतत नाही, आणि बारीक तारेचा असल्याने जोराच्या ओढीत सरळही होतो.

यावरचा एक उपाय म्हणजे 22 नंबरची माशी 18 नंबरच्या गळावर बांधणे. शेपूट, धड, पंख सगळे दांड्याच्या पुढच्या भागातच संपवायचे आणि मागचा दांडा व वाक उघडा सोडायचा. सॅमनच्या मासेमारीत ही पद्धत जुनीच आहे. स्कॉटलंडच्या डी नदीवर केर्नटन येथे आर्थर वुड यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दशकांत उन्हाळ्यातल्या उथळ, स्वच्छ पाण्यासाठी अशाच तोकड्या बांधणीच्या माश्या वापरल्या.

वरवर पाहता ही कारागिरीतली तडजोड आहे. पण तिच्यातून ज्ञानाविषयीचा एक मूलभूत प्रश्न पुढे येतो. नक्कल मुळाबरहुकूम असल्याशिवाय फसवत नाही, असे मानले तर या माशीला एकही मासा लागायला नको, कारण निसर्गातल्या कोणत्याही किड्याला पोलादी आकडा नसतो. इंग्लंडच्या टेस्ट नदीच्या काठी फ्रेडरिक हॅलफर्ड यांनी 1886 मध्ये तरंगत्या माश्यांच्या बांधणीवर ग्रंथ लिहिला. त्यांच्या परंपरेने रंग, आकार आणि माप यांच्या काटेकोर अनुकरणाला जवळजवळ धर्माचे स्थान दिले. गळाचे काय, याचे समाधानकारक उत्तर त्या विचारात नाही. तो एक अटळ दोष मानून बाजूला ठेवला गेला.

पाण्याखालून काय दिसते ते पाहिले की अडचण आणखी वाढते. प्रकाशाच्या वक्रीभवनामुळे माशाला वरचे सगळे जग सुमारे 97 अंशांच्या शंकूतून, एका गोल खिडकीतून दिसते. त्या खिडकीबाहेर पाण्याचा पृष्ठभाग खालून आरशासारखा असतो. पेन्सिल्व्हेनियातल्या लेटॉर्ट ओढ्यावर निरीक्षणे करणाऱ्या व्हिन्सेंट मॅरिनारो यांनी 1950 मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माशीचा विचार माशाच्या नजरेने करण्यावर भर दिला. पाण्यावर उभी राहिलेली माशी खिडकीत शिरेपर्यंत धडपणे दिसत नाही. तिच्या पायांनी पृष्ठभागाला पडलेले खळगे तेवढे आरशात चमकतात. मात्र पृष्ठभाग भेदून खाली लोंबणारा गळाचा वाक खिडकीबाहेरही थेट दिसू शकतो. म्हणजे जो भाग खोटेपणा उघड करतो, तोच कित्येकदा सर्वात आधी नजरेच्या टप्प्यात येतो. तरीही ट्राउट वर येतो आणि माशी घेतो.

हे कसे घडते? भारतीय दर्शनांनी भ्रमाची जी चिकित्सा ख्यातिवाद या नावाने केली, ती इथे विलक्षण उपयोगी पडते. शिंपल्याच्या जागी चांदी दिसते, हे तिथले नेहमीचे उदाहरण. नैयायिकांची अन्यथाख्याती म्हणते की भ्रमात एक वस्तू दुसऱ्याच वस्तूच्या रूपाने दिसते. प्रभाकर मीमांसकांची अख्याती याहून वेगळी आहे. तिच्या मते भ्रम हे चुकीचे ज्ञानच नव्हे. समोरच्या वस्तूचे प्रत्यक्ष ज्ञान होते, चांदीची आठवण होते, आणि या दोहोंतला भेद तेवढा ध्यानात येत नाही. माणूस चांदी उचलायला हात पुढे करतो तो या न कळलेल्या भेदामुळे.

मोठ्या गळावरच्या लहान माशीच्या बाबतीत अख्यातीचे स्पष्टीकरण अधिक नेमके बसते. ट्राउट गळाला किड्याचा अवयव समजतो, असे मानायला काही आधार नाही. तो किड्याच्या काही मोजक्या खुणा शोधत असतो आणि उरलेल्या गोष्टी डोळ्यांसमोर असूनही त्याच्या निर्णयात उतरत नाहीत. निको टिनबर्गेन यांच्या स्टिकलबॅक माशांवरच्या प्रयोगांत हेच दिसले: हुबेहूब पण लाल पोट नसलेल्या प्रतिकृतीपेक्षा ओबडधोबड पण खालून लाल रंगवलेल्या प्रतिकृतीवर नर अधिक चवताळून धावत. प्रवाहाच्या गतीशी न जुळणारी, दोरीने किंचित ओढली जाणारी माशी ट्राउट नाकारतो, मग तिची बांधणी कितीही सुंदर असो. तिथे भेद लगेच कळतो, कारण किडा पाण्याबरोबर वाहतो ही त्याच्या शोधातलीच खूण असते.

हा न कळलेला भेद कायमचा नसतो. अद्वैती ज्याला बाध म्हणतात, म्हणजे नंतरच्या अनुभवाने आधीच्या भ्रमाचे निरसन, तसे काही गळ लागून सुटलेल्या माशाच्या बाबतीत घडते. वारंवार पकडून सोडलेले ट्राउट बुजरे होतात, आणि अशा पाण्यात उघडा वाक महागात पडू शकतो. तिथे अनेक जण पुन्हा खरोखरच्या लहान गळाकडे वळतात.

हा बाध वेदनेतून होतो, म्हणून ज्ञानाचा प्रश्न नीतीच्या प्रश्नापासून वेगळा ठेवता येत नाही. लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये दाखवले की ओठात ॲसेटिक ॲसिड टोचलेले ट्राउट तळाच्या खड्यांवर ओठ घासतात आणि बराच काळ अन्नाकडे फिरकत नाहीत. जेम्स रोझ यांनी त्याआधीच, 2002 मध्ये, माशांच्या मेंदूत निओकॉर्टेक्स नसल्याने त्यांना वेदनेची जाणीव असू शकत नाही, असे मांडले होते. वाद मिटलेला नाही; पण शंकेचा फायदा गळाऐवजी माशाला मिळावा, हेच न्याय्य आहे.

जैन विचारात हिंसेची व्याख्या केवळ प्राणघाताने पूर्ण होत नाही. प्रमादाने, बेफिकीर वृत्तीने झालेला घात ही तिची खूण आहे. त्या कसोटीवर गळाचे माप ही नैतिक निवड ठरते. नाजूक गळ वाकेल किंवा निसटेल या भीतीने मासा फार वेळ खेळवला जातो आणि थकून जातो. कोमट, प्राणवायू कमी असलेल्या पाण्यात असा मासा सोडल्यावरही मरू शकतो. घट्ट धरणारा, बिनकाट्याचा मोठा गळ हा वेळ कमी करतो. मात्र लहान माशाच्या तोंडात तोच गळ अधिक खोल जखम करू शकतो. म्हणून नदीत कोणत्या आकाराचे मासे आहेत हे पाहिल्याशिवाय मोठा गळ दयाळू ठरवता येणार नाही.

मुळात गळ का टाकावा, याचे उत्तर मात्र मापात नाही. जर्मनीचा प्राणिसंरक्षण कायदा रास्त कारणाशिवाय प्राण्याला वेदना देण्यास मनाई करतो. खाण्यासाठी मासा पकडणे तिथे रास्त कारण मानले जाते. सोडून देण्याच्याच हेतूने पकडणे सहसा मानले जात नाही. अमेरिकेत ली वुल्फ यांनी 1939 पासून नेमकी उलट बाजू मांडली: मासा सोडल्यानेच नदी जिवंत राहते. दोन्ही भूमिका गंभीर आहेत, पण त्या वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरे देतात. एक त्या एका माशाविषयी बोलते, दुसरी माशांच्या संख्येविषयी.

काही जण गळाचे टोक वाकापाशी कापून टाकतात आणि तशीच माशी प्रवाहात सोडतात. ट्राउट वर येतो, माशी तोंडात घेतो, थुंकतो आणि खाली जातो. इथे भ्रम पूर्ण होतो, बाधही होतो, पण जखम होत नाही. मासेमारीतला आनंद नक्कल पटण्यात आहे की पकडीत, हे या प्रकारात वेगळे काढता येते. ज्यांना टोक कापल्यावरही तो आनंद तेवढाच वाटतो, त्यांच्यासाठी मोठ्या गळाची गरजच उरत नाही. ज्यांना तो वाटत नाही, त्यांना आपल्याला पकड का हवी याचे कारण स्वतंत्रपणे द्यावे लागते.